ब्लू-रे डिस्क असोसिएशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीनंतर आलेली, एचडी सिनेमाची डिस्क. ती जमवणारी मंडळी आता कमीच राहिलीत, पण जे आहेत त्यांचे प्रश्न काही संपत नाहीत. त्यातले निम्मे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, की हे नियम केले कोणी आणि का. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. लांब आहे, पाहिजे तेवढंच वाचा.

ही असोसिएशन म्हणजे सोनीचीच कंपनी ना?

नाही. सोनी त्यातली एक मोठी मेंबर, एवढंच. असोसिएशन स्वतः एकही डिस्क बनवत नाही, एकही प्लेयर विकत नाही. हाऊसिंग सोसायटीच्या कमिटीसारखं आहे बघा, प्रत्येकाचा फ्लॅट वेगळा, आपापसात भांडणं पण असतात, पण पाण्याची टाकी, लिफ्ट आणि गेटचे नियम सगळ्यांना एकच. इथे टाकी-लिफ्टच्या जागी डिस्कची जाडी किती, त्यावर डेटा कसा लिहायचा, लेसर कुठला, व्हिडिओ कुठल्या पद्धतीत कॉम्प्रेस करायचा हे सगळं येतं. हे सगळे नियम असलेलं जाडजूड पुस्तक, म्हणजे स्पेक, लिहायचं, त्याचं आणि लोगोचं लायसन्स द्यायचं, तुमचा प्लेयर नियमात बसतो का याच्या टेस्ट ठरवायच्या, आणि मग जगभर 'आमचाच फॉरमॅट भारी' म्हणून ढोल वाजवायचा, असं सगळं काम. जपानी कंपनीची डिस्क कोरियन प्लेयरमध्ये मुकाट चालते ती याच कारणाने.

सुरुवात कधी झाली, कोणी केली?

१९ फेब्रुवारी २००२ ला नऊ कंपन्यांनी मिळून घोषणा केली. सोनी, मात्सुशिता (म्हणजे आपली पॅनासॉनिक), पायोनियर, हिताची, शार्प, एलजी, सॅमसंग, युरोपातून फिलिप्स आणि थॉमसन. तेव्हा नाव 'ब्लू-रे डिस्क फाउंडर्स' होतं. २००४ मध्ये त्याचंच असोसिएशन केलं आणि दार बाकीच्यांना उघडलं, म्हणजे सुटे पार्ट बनवणाऱ्या कंपन्या, सॉफ्टवेअरवाले, हॉलिवूडचे स्टुडिओ, सगळ्यांना. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स बोर्डावर आला ती मोठी गोष्ट, कारण सिनेमावाले आत आले की मग खरा खेळ सुरू होतो.

मधल्या काळात, एप्रिल २००३ ला, सोनीने जपानमध्ये पहिला ब्लू-रे रेकॉर्डर विकायला काढला पण होता. किंमत साडेचार लाख येन! आणि त्यावर बघायला विकतचा एकही सिनेमा नव्हता, टीव्हीवरचं एचडी प्रसारण रेकॉर्ड करा आणि तेच परत बघा. डिस्क पण प्लास्टिकच्या बंद डबीत यायची, कारण वरचा थर इतका पातळ की बोट लागलं तरी भीती. पुढे टीडीकेने कडक कोटिंग काढलं आणि ती डबी गेली, नाहीतर आज पण आपण त्या डब्याच सांभाळत बसलो असतो.

एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कंपन्या एका टेबलावर बसतातच कशा?

कारण आधी दोनदा तोंड पोळलेलं होतं. व्हीएचएस आणि बीटामॅक्स या व्हिडिओ कॅसेटच्या भांडणात सोनीचा बीटामॅक्स हरला हे सगळ्यांना माहितीये. दुसरी गोष्ट कमी लोकांना आठवते. १९९५ मध्ये डीव्हीडीच्या वेळेला पण दोन गट होते, सोनी-फिलिप्सची एक डिस्क आणि तोशिबा-टाइम वॉर्नरची दुसरी. तेव्हा आयबीएमच्या पुढाकाराने कॉम्प्युटर कंपन्या एकत्र आल्या आणि ठणकावून सांगितलं की आम्ही दोन-दोन ड्राइव्ह लावणार नाही, एक काय ते ठरवा. मग दोघं नमले, बरंचसं तोशिबाच्या गटाचं घेतलं आणि डीव्हीडी झाली. ती सांभाळायला डीव्हीडी फोरम नावाची संघटना होती आणि तिथे तोशिबाचं वजन जास्त.

आता गंमत बघा, ब्लू-रेवाल्या नऊ जणांनी पुढच्या पिढीची डिस्क त्या फोरमच्या बाहेर जाऊन ठरवली. तोशिबाला हे झोंबलं नसतं तरच नवल, त्यांनी मग एचडी डीव्हीडी नावाची आपली वेगळी डिस्क आणली. भांडण तिथेच पेरलं गेलं असं माझं मत आहे, लेसर-बिसर सगळं नंतर.

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीमध्ये तांत्रिक फरक काय होता? दोन्हीत निळाच लेसर ना?

हो, दोन्हीत ४०५ नॅनोमीटरचाच (निळा म्हणतात पण दिसायला जांभळट). डीव्हीडीचा लाल लेसर ६५० चा. फरक लेन्सचा. लेन्स प्रकाश किती तिरका गोळा करून एका ठिपक्यावर आणते त्याला एक आकडा असतो, डीव्हीडीचा ०.६०, एचडी डीव्हीडीचा ०.६५, ब्लू-रेचा ०.८५. तरंगलांबीला या आकड्याने भागलं की ठिपक्याच्या आकाराचा अंदाज येतो. करून बघा: डीव्हीडी ६५० भागिले ०.६० म्हणजे साधारण १०८३. ब्लू-रे ४०५ भागिले ०.८५ म्हणजे ४७६. ठिपका निम्म्याहून लहान, आणि डिस्क हे क्षेत्रफळाचं काम असल्याने वर्ग करायचा, म्हणजे पाचपट डेटा. डीव्हीडीच्या एका थराचे ४.७ जीबी गुणिले पाच, आले की नाही पंचवीसच्या जवळ! ब्लू-रेचा एक थर २५ जीबीचाच आहे. तेच एचडी डीव्हीडीला लावा, ४०५ भागिले ०.६५ म्हणजे ६२३, वर्ग केला की जेमतेम तिप्पट, म्हणून त्यांचा थर १५ जीबीचा. अख्खं भांडण या दोन भागाकारांत आहे.

मग तोशिबाने पण ०.८५ ची लेन्स का नाही घेतली? कारण एवढी ताकदवान लेन्स डिस्क जराशी वाकडी झाली तरी गडबडते, आणि प्रकाशाला प्लास्टिकचा जितका जाड थर पार करायचा तितकी ती गडबड वाढते. त्यामुळे ब्लू-रेला डेटाचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर आणावा लागला. डीव्हीडीत तो ०.६ वर असतो. एचडी डीव्हीडीने ते ०.६ तसंच ठेवलं, म्हणजे डीव्हीडीच्या कारखान्यात थोडे फेरफार केले की नवी डिस्क तयार. स्वस्तात काम. ब्लू-रेला सगळी लाइनच नवी लागणार होती. तोशिबाचं म्हणणं वेडेपणाचं अजिबात नव्हतं, ते फक्त आजचा खर्च बघत होते आणि समोरचे उद्याची जागा.

मग शेवटी जिंकलं कोण आणि का?

२००५ मध्ये दोघांनी एकत्र येण्याच्या वाटाघाटी केल्या, फिसकटल्या. २००६ च्या वसंतात एचडी डीव्हीडी आधी बाजारात आली, अमेरिकेत तोशिबाचा प्लेयर ४९९ डॉलरला, आणि जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेयर आला तो हजार डॉलरला. दुप्पट! कोणीही म्हणालं असतं की ब्लू-रे गेली. पण नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ३ आलं आणि त्यात ब्लू-रे ड्राइव्ह आतच होता. पोरं गेम खेळायला घेत होती आणि घरात न सांगता ब्लू-रे प्लेयर येत होता. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह काढला तो वेगळा, वरून २०० डॉलर द्या. वेगळं विकत घ्यायचं म्हटलं की कोण घेतो.

स्टुडिओंचं राजकारण तर विचारूच नका. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट फक्त एचडी डीव्हीडीकडे गेला, त्यासाठी पंधरा कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तोशिबाने प्लेयरच्या किमती इतक्या पाडल्या की नोव्हेंबरमध्ये वॉलमार्टच्या सेलमध्ये तो शंभर डॉलरच्या आत मिळत होता. आणि मग ४ जानेवारी २००८ ला, लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनाच्या तोंडावर, वॉर्नरने जाहीर केलं की आम्ही आता फक्त ब्लू-रे. वॉर्नर तोवर दोन्हीकडे होता. एचडी डीव्हीडीवाल्यांनी आपली पत्रकार परिषदच रद्द केली! फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, अमेरिकेतले मोठे दुकानवाले बेस्ट बाय आणि वॉलमार्ट एकामागोमाग ब्लू-रेकडे गेले आणि १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने दुकान बंद केलं. ब्लू-रेची पहिली घोषणा झाली त्याला बरोबर सहा वर्षं त्याच तारखेला. पुढच्या वर्षी तोशिबा गुपचूप ब्लू-रे असोसिएशनचा मेंबर झाला.

तेव्हा 'तंत्र सरस होतं म्हणून जिंकलं' असं कोणी म्हणालं तर अर्धंच खरं माना. जागा जास्त होती हे खरं, पण गेमचं यंत्र आणि एका स्टुडिओचा निर्णय हे नसतं तर स्वस्तवाली जिंकली असती.

असोसिएशनमध्ये सगळ्यांचं मत सारखं असतं का?

छे. तीन पायऱ्या आहेत. वर बोर्ड, ते दिशा ठरवतात. मग काँट्रिब्युटर, हे तांत्रिक समित्यांमध्ये बसून स्पेक लिहायला मदत करतात. आणि खाली साधे मेंबर, त्यांना माहिती आधी मिळते, काही बैठकांना बसता येतं. फी पण तशी चढती.

प्लेयरच्या किमतीतले पैसे या असोसिएशनला जातात का?

थोडे. बाकीचे दहा ठिकाणी जातात. फॉरमॅट आणि लोगोचं लायसन्स एकीकडे. पेटंट वेगळी, ती मेंबर कंपन्यांची स्वतःची असतात, आणि दारोदार फिरायला नको म्हणून पुढे वन-ब्लू नावाचं सामायिक खातं काढलं, तिथे एकदाच पैसे भरायचे. कॉपी प्रोटेक्शनचं लायसन्स तिसरीकडे. व्हिडिओ कॉम्प्रेस करायच्या पद्धतीचं (कोडेक) चौथीकडे, डॉल्बी आणि डीटीएस या आवाजाच्या तंत्रांचं आणखी वेगळं. म्हणून तर फुकटातला सॉफ्टवेअर प्लेयर टाकून विकतची ब्लू-रे लगेच चालत नाही, लायसन्स कोण भरणार? आणि म्हणून नाव न ऐकलेल्या ब्रँडचे शेकडो डीव्हीडी प्लेयर आपल्याकडे फुटपाथवर मिळायचे तसे ब्लू-रेचे कधी दिसले नाहीत.

कॉपी प्रोटेक्शन पण यांचंच ना? शिव्या कोणाला घालायच्या?

त्या कुलपाचं नाव एएसीएस, त्याची संस्था वेगळी. त्यात सोनी-पॅनासॉनिकच्या जोडीला इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, डिस्ने, वॉर्नर आणि चक्क तोशिबा पण. एचडी डीव्हीडीला पण हेच कुलूप होतं. बाहेर लढाई आणि कुलूप मात्र सामायिक.

काम असं चालतं: प्रत्येक प्लेयरकडे स्वतःच्या किल्ल्या असतात. कुठल्या प्लेयरची किल्ली फुटली की पुढच्या डिस्कवर ती बाद केलेली असते. म्हणून नवा सिनेमा घातला की जुना प्लेयर 'अपडेट करा' म्हणून अडून बसतो, आणि कंपनीने अपडेट देणं बंद केलं असेल तर बसा बोंबलत. २००७ मध्ये यातली एक किल्ली, सोळा बाइटचा एक आकडा फक्त, नेटवर फुटली. वकिलांनी नोटिसा पाठवून तो आकडा काढायला लावला आणि मग काय, लोकांनी तो टी-शर्टवर छापला, गाण्यात घातला, डिग साइटवर तर इतका टाकला की त्यांनी हात टेकले. कुलूप लावून चोर थांबले नाहीत, विकत घेणाऱ्यालाच त्रास झाला, माझं मत सांगतोय.

न्यू जर्सीच्या मावशीने अमेरिकेतून आणलेली डिस्क इथे चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एका भागात विकलेली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेयरवर चालू नये म्हणून जगाचे भाग पाडलेत, त्यांना रिजन म्हणतात. डीव्हीडीत सहा मुख्य रिजन होते, भारत पाचात आणि अमेरिका एकात. ब्लू-रेत तीनच केले. ए मध्ये अमेरिका, जपान, कोरिया, सिंगापूर वगैरे. बी मध्ये युरोप, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि आखात. सी मध्ये भारत, चीन, रशिया. म्हणजे सिंगापूरचा दादा ए, दुबईची आत्या बी आणि पुण्यात आपण सी, एकाच घरातली माणसं तीन रिजनमध्ये.

पण घाबरू नका. बऱ्याच डिस्कवर हे कुलूप लावलेलंच नसतं. वॉर्नर, युनिव्हर्सल, पॅरामाउंटच्या बहुतेक डिस्क कुठेही चालतात. अडतात त्या छोट्या कंपन्यांच्या, ज्यांनी फक्त एका देशाचे हक्क घेतलेत. मागवायच्या आधी डबीच्या मागचं चिन्ह बघा. डीव्हीडी प्लेयरवर रिमोटने चार आकडे दाबून रिजन उडवायची ती युक्ती इथे सहसा चालत नाही. आणि ४के अल्ट्रा एचडी डिस्कला रिजनच नाही. असोसिएशनने केलेल्या शहाणपणाच्या गोष्टी मोजायला बसलो तर ही वर येईल.

४के डिस्क जुन्या ब्लू-रे प्लेयरवर चालते का?

नाही. अल्ट्रा एचडी ब्लू-रेचं स्पेक २०१५ मध्ये झालं, डिस्क २०१६ मध्ये आल्या. दिसायला सारखीच, पण ६६ किंवा १०० जीबीच्या डिस्कमध्ये थर जास्त दाटीने भरलेत आणि व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या नव्या पद्धतीत कॉम्प्रेस केलेला. जुन्याला ते वाचताच येत नाही. उलटं चालतं, नवीन ४के प्लेयरवर जुनी ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही चालतात.

गेमवाल्यांसाठी: प्लेस्टेशन ४ प्रो वर ४के गेम पण ४के डिस्क नाही, हा विनोद सोनीने स्वतःवरच केला. एक्सबॉक्स वन एस वर मात्र चालते. प्लेस्टेशन ५ घेताना डिस्क ड्राइव्हवालं बघून घ्या.

कॉम्प्युटरवर ४के डिस्क?

सोडून द्या. रीतसर बघायचं तर इंटेलच्या प्रोसेसरमधली एक सुरक्षेची सोय लागते, एसजीएक्स नावाची. इंटेलने अकराव्या पिढीपासून साध्या पीसीच्या प्रोसेसरमधून तीच काढून टाकली. एएमडीवर तर कधीच नव्हती. म्हणजे नवा, महागडा पीसी घ्या आणि डिस्क बघायला जुना पीसी शोधा.

नेटफ्लिक्सवर पण ४के असतं की, मग डिस्कच्या नादी का लागायचं?

आकडा बघा. स्ट्रीमिंगचं ४के सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये येतं. अल्ट्रा एचडी डिस्क १२८ पर्यंत जाऊ शकते. अंधारातला सीन लावा, धूर, पाऊस, रात्रीचं आकाश, तिथे स्ट्रीमिंगमध्ये काळ्या रंगाचे पट्टे-पट्टे दिसतात, डिस्कवर नाहीत. आवाजात फरक तर आणखी मोठा, डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएसचा मास्टर आवाज काहीही न गाळता येतो. टीव्हीच्या स्पीकरवर ऐकत असाल तर मात्र पैसे वाया, खरंच.

फोटो-व्हिडिओ साठवायला कोरी ब्लू-रे बरी का?

बरी, पण घेताना बघून. कोऱ्या डिस्क २५ आणि ५० जीबीच्या, आणि २०१० मध्ये बीडीएक्सएल आलं त्यात १०० आणि १२८. साध्या बीडी-आर (एकदाच लिहायची कोरी ब्लू-रे) मध्ये लिहायचा थर धातू वगैरेचा असतो, तो टिकाऊ. डबीवर एलटीएच लिहिलं असेल तर त्यात सीडीसारखा सेंद्रिय रंग असतो, उजेडाने उतरतो, लग्नाचे व्हिडिओ त्यावर ठेवू नका. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या डिस्क बनवणं बंद केलं, पण दुसऱ्या कंपन्यांच्या मिळतात.

आणि हे काही फक्त घरगुती वेड नाही. फेसबुकने २०१४ मध्ये दहा हजार ब्लू-रे डिस्कचं एक कपाट दाखवलं होतं, एक पेटाबाइटचं, क्वचित लागणारा जुना डेटा ठेवायला. पडून राहिलेल्या डिस्कला वीज लागत नाही, हा त्यातला हिशेब.

कोकण-गोव्यातल्यांनी पावसाळ्यात डिस्क कागदी पाकिटात ठेवू नका, दमट कागद चिकटतो आणि बुरशी धरते. प्लास्टिकची डबी, उभी, सोबत सिलिका जेलची पुडी. पुसताना आतून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा एकाच ट्रॅकवर धावत जातो आणि तो दुरुस्त करणं प्लेयरच्या आवाक्याबाहेर जातं.

भारतात ब्लू-रे का नाही रुजली?

वेळ चुकली आणि किंमत चुकली. आपल्याकडे मोसर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयाला आणि डीव्हीडी ३४ रुपयाला विकली होती, रेल्वे स्टेशनच्या दुकानात पण मिळायची. त्यानंतर कोणी हजार रुपयाची डिस्क दाखवली तर माणूस हसणारच. एचडी टीव्ही घरोघरी पोचेपर्यंत स्वस्त डेटा आला आणि लोक थेट मोबाइलवर गेले, मधली पायरी गाळूनच. मोसर बेअर स्वतः २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. आमच्या मराठी सिनेमाचं तर जास्तच वाईट वाटतं, व्हीसीडीवर ढीगभर आले पण ब्लू-रेच्या वाट्याला फारसं काही आलं नाही, आणि जे कुठल्या अॅपवर नाही ते आता त्या फिकट व्हीसीडीवरच शोधायचं.

आता या असोसिएशनला काम तरी काय उरलंय?

नवीन फारसं नाही. जपानमधलं ८के प्रसारण डिस्कवर रेकॉर्ड करायचं स्पेक केलं, ते जपानपुरतंच. ८के सिनेमाची डिस्क येईल अशी वाट बघू नका. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयर बंद केले, सॅमसंगने २०१९ मध्ये नवीन मॉडेल थांबवली, बेस्ट बायने डिस्क विकणं सोडलं. तरी लायसन्स देणं, टेस्टिंग, लोगो सांभाळणं चालूच राहतं, कारण डिस्क छापल्या जातायत तोवर कोणीतरी ते पुस्तक सांभाळायला लागतंच.

मग आता प्लेयर घेऊ का नको?

डिस्क आधीच असतील तर घ्या, आणि लांबवू नका. पॅनासॉनिक किंवा सोनीचा ४के वाला बघा. दुकानात पॅक फोडून बघायला दिला तर ट्रे तीन-चारदा उघडबंद करा, आवाज खरखरीत आला तर दुसरा मागा. घरी आणल्यावर पहिलं काम फर्मवेअर (प्लेयरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून बाजूला ठेवा, कंपनी साइटवरून कधी काढेल सांगता येत नाही. सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याकडे स्वतःची दोन थरांची ५० जीबीवाली डिस्क घेऊन जा आणि मधला नाही, शेवटचा अर्धा तास लावून बघा. थकलेला लेसर बहुतेक वेळा दुसऱ्या थरावर गेल्यावरच अडखळतो.